गोळी तीच म्हणता, मग त्रास होणारी बाई खोटी का?

सेनगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर मागे आमची बैठक होती. विषय रेशनचा. बोलणं संपलं, पुरुष मंडळी उठून गेली, तेव्हा मागे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, मेडिकलची गोळी परवडंना म्हणून सरकारी धरली. दीड महिना झालं, अंगावरून जायचं थांबंना. दवाखान्यात सांगितलं तर म्हणत्या, गोळी तीच हाय, तुझ्या मनाचा खेळ हाय." ती बोलली आणि आणखी तिघी बोलत्या झाल्या.

जेनेरिक औषधाच्या प्रश्नावर आपल्याकडे दोन टोळ्या आहेत. एक म्हणते, स्वस्त औषध म्हणजे बोगस औषध. दुसरी म्हणते, औषध तेच आहे, तक्रार करू नका. आम्ही दोघांच्याही विरोधात आहोत. जेनेरिक औषध हा आमच्या माणसांचा हक्क आहे. मोठ्या नावाच्या पाकिटासाठी मजुरी खर्चायला आमच्या बायका रिकाम्या बसलेल्या नाहीत. पण "औषध तेच" हे वाक्य तपासल्याशिवाय आम्ही मान्य करणार नाही.

तपासू या. सरकारी माला-एन गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम असतं. बाईची आधीची गोळी नेमकी याच घटकांची, याच मात्रेची असेल तर बदल खरोखर फक्त नावाचा आणि किमतीचा. पण मेडिकलमध्ये कमी इस्ट्रोजेनच्या, डेसोजेस्ट्रेलच्या, ड्रॉस्पायरेनोनच्या गोळ्याही मिळतात. त्यातली एखादी सोडून बाई माला-एन घेऊ लागली, तर ते जेनेरिकवर येणं नव्हे, ते दुसरं औषध सुरू करणं आहे. मग मळमळ, डोकेदुखी, छाती जड होणं, मधेच डाग दिसणं हे नवीन गोळीचे नेहमीचे त्रास होणारच. बहुतेकींचे तीनेक महिन्यांत कमी होतात. एवढंच तिला आधी सांगितलं असतं तर ती घाबरली नसती. बरं, घटक अगदी तेच असले तरी तिच्या तक्रारीची नोंद घ्यायची असते, तिला वेडं ठरवायचं नसतं.

याहून मोठा घोटाळा पाकिटात आहे, आणि त्यावर कुणीच बोलत नाही. मेडिकलच्या बऱ्याच पाकिटांत २१ गोळ्या असतात. त्या संपल्या की सात दिवस थांबायचं आणि नवं पाकीट सुरू करायचं. माला-एनमध्ये २८ गोळ्या असतात. शेवटच्या सात लोहाच्या, रंगाने वेगळ्या. हे पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं सुरू, मधे थांबायचं नाही. आता जुन्या सवयीची बाई लोहाच्या सात गोळ्या खाते आणि वर आणखी सात दिवस थांबते. झाले चौदा दिवस बिनहार्मोनचे. मग दिवस राहतात आणि खापर फुटतं "सरकारी गोळीवर". लोहामुळे शौचाला काळं होतं, कधी खडा होतो. त्याचीही भीती बसते. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणाकडे नाहीत.

छायाचं आणखी वेगळं. ती सेंटक्रोमन, लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तिने पाळी लांबू शकते. माला-एन संपली म्हणून छाया हातावर ठेवली आणि फरक सांगितला नाही, तर पाळी लांबलेली बाई काय समजेल?

यात आशाताईला दोष देणाऱ्यांत आम्ही नाही. गर्भनिरोधकं घरपोच देण्याची योजना २०११ ला आली, तेव्हा एका महिन्याच्या पाकिटामागे तिला बाईकडून एक रुपया घ्यायची मुभा दिली. एक रुपयात समुपदेशनही हवं, रक्तदाबही बघायला हवा, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्यासोबत एक दिवस उन्हात फिरावं.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांनी जेनेरिक नावंच लिहावीत असा नियम काढला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. भांडण डॉक्टरांचं, कंपन्यांचं झालं. गोळी गिळणारी बाई त्या चर्चेत कुठेच नव्हती. आमच्या औंढ्याजवळ विश्वातल्या गुरुत्वलहरी मोजणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहते आहे, २,६०० कोटींची. आनंद आहे. अणूहून बारीक थरथर मोजणाऱ्या देशाला वस्तीवरच्या बाईचा रक्तस्राव मोजता येऊ नये?

बाबासाहेबांनी हा प्रश्न बायकांच्या खाजगी कुरबुरीचा मानला नाही. र. धों. कर्वे लैंगिक प्रश्नांवर लिहितात म्हणून खटल्यात अडकले तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडणारे वकील बाबासाहेब होते. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची साधनं लोकांना मिळावीत असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. ठराव पडला. साधनं आज आली आहेत, पण ती देताना बाईशी बोलायचं असतं, हे अजून आलेलं नाही.

गोळी बाधली आणि कुणी ऐकलं नाही की पुढे काय होतं? बाई गोळी सोडते. मग दिवस जातात, किंवा पंचविशीच्या आत नसबंदीचं ऑपरेशन. ऊसतोडीला जाणाऱ्यांत तर पुढची पायरी पिशवी काढण्याची. बीडचं प्रकरण २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिलं आहे. नसबंदीचा आकडा भरला की यंत्रणा खूश. नवऱ्याच्या नसबंदीचं नाव काढलं की मात्र आपल्याच चळवळीतले कार्यकर्ते चहा सांगायला बाहेर जातात, हेही लिहून ठेवतो.

आमच्या भगिनींना सांगणं एवढंच: पाकिटाचं नाव नको, मागे बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा किंवा शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या, आणि जुनं रिकामं पाकीट सोबत न्या. गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजायला लावा. अंगावर पाजत असाल आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर माला-एन नको. क्षयाचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर माला-एनवर भरवसा ठेवू नका. एका पोटरीत सूज आणि कळ, छातीत दुखणं, अचानक भयंकर डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार रुग्णाला स्वतःही करता येते. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा मोफत क्रमांक आहे. सेनगावच्या त्या चौघींच्या तक्रारी आम्ही लिहून घेतल्या आहेत, पाकिटावरच्या बॅच नंबरसह. पुढच्या बैठकीला कळमनुरी आणि वसमतच्या भगिनींनी आपापली पाकिटं घेऊन यावं.