जगात जर्मनी, भारतात परभणी

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या पॅन्ट्रीत जर्मनीचा विषय निघाला. टीममधल्या एकीला सहा महिन्यांसाठी म्युनिकला पाठवतायत. झालं, सगळे तिला टिप्स द्यायला लागले. जॅकेट कुठलं घे, मेट्रोचा पास कसा काढ वगैरे. मीपण चहाचा कप वर करून म्हणाले, 'जगात जर्मनी, भारतात परभणी!'

एकदम शांतता. मग नुकताच जॉइन झालेला एक पोरगा म्हणाला, 'परभणी म्हणजे... विदर्भ ना?'

अरे देवा!

पण त्याला बोलायचा हक्क मला कुठाय? माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत 'व्हेअर आर यू फ्रॉम?' विचारलं, तेव्हा मी बिनधास्त सांगितलं होतं, 'औरंगाबादजवळ.' जवळ म्हणजे किती? जवळजवळ दोनशे किलोमीटर! (आता त्या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, त्यामुळे माझी थाप दोन्ही अर्थांनी जुनी झाली.) पुढे कित्येक वर्षं हेच उत्तर चालवलं. पुण्या-मुंबईत परभणीवाले ढिगानं आहेत, आणि त्यातले निम्मे तरी असेच 'जवळ'वाले असणार, अशी माझी खात्री आहे.

तर मंडळी, या कॉलममधून आपण भूतानला जाऊन आलो, व्हिएतनाम फिरलो. या वेळचा देश आहे परभणी. हसू नका. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. अख्ख्या भूतानच्या दुपटीहून जास्त!

आणि देश म्हणतेय ते काही नुसतं गमतीनं नाही. १९४८पर्यंत परभणी खरंच वेगळ्या राज्यात होती. हैदराबादच्या निजामाच्या. त्याचं चलन वेगळं, हाली सिक्का. पोस्टाची तिकिटं वेगळी. रेल्वेसुद्धा त्याची स्वतःची. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी आमची लाइन त्या रेल्वेचीच देणगी. माझे आजोबा गणित शिकले ते उर्दूतून. मरेपर्यंत ते पाढे मराठीत म्हणायचे आणि हिशेब उर्दूत लिहायचे. १५ ऑगस्ट १९४७ला दिल्लीत तिरंगा फडकला, पण हैदराबाद संस्थानात तो फडकवला की तुरुंग. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढत राहिले आणि १७ सप्टेंबर १९४८ला निजाम शरण आला. तेरा महिने उशिरा! म्हणून आमच्याकडे वर्षात दोन स्वातंत्र्यदिन. पुढे १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. आजोबांनी घर न बदलता तीन राज्यं बघितली. आपल्याला फ्लॅट शिफ्ट करायचा म्हटलं की घाम फुटतो.

भूगोल सोपा आहे. उत्तरेला जिंतूरकडे डोंगर, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटाच्या रांगा आणि मध्ये गोदावरीचं, पूर्णेचं, दुधनेचं खोरं. माती काळीभोर. पावसात चप्पल ओढून घेते आणि मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की लहानपणी माझी कंपासपेटी एकदा आत गेली ती गेलीच. उन्हाळ्यात पारा ४४ पार. पण डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठातला पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि मग टीव्हीवर 'राज्यात परभणी सर्वांत थंड' अशी पट्टी फिरते. परभणी हेडलाइनमध्ये येण्याच्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

वाइल्डलाइफ? वाघ-बिघ नाही. राज्यातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आमचा नंबर आहे, त्यामुळे जे काही रानटी आहे ते थेट शेतातच भेटतं. हरणांचे कळप, म्हणजे खरं तर काळवीट. शिवाय रोही, रानडुकरं, मोर. पहाटे एसटीच्या खिडकीतून हरभऱ्याच्या रानात उड्या मारणारा कळप दिसला तर मोबाइल काढावासा वाटतो. मी एकदा असा फोटो टाकला, खाली पन्नास जणांनी 'वॉव' लिहिलं. बाबांना दाखवला तर म्हणाले, 'हे कुणाचं रान आहे? किती खाल्लं?' रात्र रात्र जागून ज्याला पीक राखावं लागतं, त्याच्या तोंडून 'वॉव' कसं निघणार? ज्यांना निवांत निसर्ग हवा त्यांनी जिंतूरजवळ पूर्णेवरच्या येलदरी धरणावर जावं. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, आणि ते कुणाचं पीक खात नाहीत.

आता जुन्या काळात शिरू. पाथरी हे गाव तुम्ही ऐकलं असेल ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. जानेवारी २०२०मध्ये मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी जाहीर केले आणि तिकडे शिर्डी बंद झाली! पण त्याच्या कितीतरी आधी पाथरी इतिहासात आहे. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज मूळचे पाथरीचे ब्राह्मण, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. (हा निजाम वेगळा, हैदराबादचा वेगळा. शाळेत यावरून माझे दोन मार्क गेले होते.) जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात यादवकाळातली देवळं आणि कोरीव दगडी स्तंभ आहे. गावात लोक त्याच्याजवळून दूध आणायला जातात, इतकं ते रोजचं. सेलू तालुक्यात वालूरला गोल बारव आहे. पायऱ्या चक्रासारख्या फिरत पाण्यापर्यंत उतरतात. ती गाळानं भरली होती, अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनीच उपसून मोकळी केली. राजस्थानातल्या बावडीसमोर सेल्फी काढायला आपण फ्लाइटनं जातो, हे मला आता जरा लागतं.

औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव पूर्वी आमच्याच जिल्ह्यात होते. १९९९मध्ये हिंगोली वेगळा झाला आणि ज्योतिर्लिंग त्यांच्याकडे गेलं. गंगाखेडच्या संत जनाबाई मात्र आमच्याच. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत अभंग रचणारी बाई! आम्ही दोन मीटिंगच्या मध्ये एक मेल लिहिला तरी 'मल्टिटास्किंग' म्हणून सीव्हीत टाकतो.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो परभणीचा एक कारकून. बी. रघुनाथ. जन्म १९१३चा, सातोन्याचा. निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी, दिवसभर फायली आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. 'आडगावचे चौधरी' वाचा, निजामी राजवटीतला मराठवाडा डोळ्यासमोर उभा राहतो. चाळिशीतच, १९५३मध्ये ते गेले. शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडून बसते आणि काहीच लिहून होत नाही, तेव्हा मला हटकून त्यांची आठवण येते.

आणि एक गोष्ट तर तुमच्या डब्यात असू शकते. भेंडी! १९८०च्या दशकात भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूनं शेतकरी हैराण होते. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी आपल्या भेंडीचा तिच्या एका दूरच्या नातलग झाडाशी संकर केला आणि त्या रोगाला तोंड देणारं वाण काढलं. नाव 'परभणी क्रांती'. देशभर गेलं. २०१८मध्ये 'परभणी शक्ती' आली, जास्त लोह आणि जस्त असलेली ज्वारी. तुमच्या मिलेट कुकीजच्या पाकिटावर ज्या गुणांचे गोडवे गायलेले असतात ना, त्यावर आमच्याकडे आधीच काम चालू होतं. फक्त पाकीट नव्हतं.

तरीही सरकारी नोकरांत म्हण काय? 'बनी तो बनी, नहीं तो परभणी!' म्हणजे साहेबाशी जमलं तर ठीक, नाहीतर बदली परभणीला. मला वाटतं, माझ्या त्या 'औरंगाबादजवळ'चं मूळ या म्हणीत आहे. ज्या गावाला लोक शिक्षा म्हणून येतात, तिथे जन्मलेल्यानं काय सांगायचं? जर्मनीवाली म्हण आम्ही बहुतेक तिच्यावर उतारा म्हणून जोरात म्हणतो.

असो. जानेवारीत हुरड्याला या. पुण्याच्या आसपास माणशी पैसे मोजून, डीजेच्या आवाजात खाल्लेला हुरडा विसरून जाल. इथे थंडीत शेतात आगटी पेटते, कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गूळ, लसणाची चटणी, दही, बोरं यांच्याबरोबर भसाभसा खायची. नंतर जेवायची इच्छा उरत नाही, पण धपाटे समोर येतातच. फेब्रुवारीत आलात तर परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरलेला असतो. पाळण्यात बसायला सगळ्या जातीधर्मांची पोरं एकाच रांगेत.

मी मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसची चार तिकिटं काढलीयत. रात्री बसलं की सकाळी परभणी. एक तिकीट त्या 'विदर्भ ना?'वाल्याचं आहे. ऑफिसचे तीन जण येतायत म्हणून आईला फोन केला. ती दोन मिनिटं गप्पच झाली. मग म्हणाली, 'कामून आणायलीस माय त्यायला? इथं काय हाय बघायला?'