शब्द की ठोकळे?

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या नातीने मला स्क्रॅबलमध्ये दणकून हरवलं. हरल्याचं दुःख नाही, सत्तरीनंतर त्याची सवय होते! पण ती जिंकली कशी, ते काही घशाखाली उतरेना. म्हणून हा लेखनप्रपंच.

तिने ‘क्यू’ आणि ‘आय’ असे दोनच ठोकळे मांडले. मी लगेच हरकत घेतली. क्यूच्या पाठोपाठ यू यायलाच हवा, असं मी पाचवीच्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. तिने फोनवर यादी दाखवली. शब्द होता! उच्चार ‘ची’. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीत तो २००६ साली आला. एकट्या क्यूचेच १० गुण.

“बरं, अर्थ काय गं?”

“अर्थ कशाला लागतो आजी? चालतो, एवढं पुरे.”

इथे माझी ठिणगी पडली. घरात दोन पक्षही पडले. भाचा म्हणाला, “असले शब्द म्हणजे शुद्ध लबाडी, बंदच करा.” मुलगा म्हणाला, “आई, हा खेळ आहे, व्याकरणाचा तास नाही.” मंडळी, मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

आधी भाच्याचं बघू. ‘ची’ म्हणजे चिनी परंपरेत शरीरात वाहणारी प्राणशक्ती. आपण ‘प्राण’ म्हणतो, त्याच्या जवळपासची कल्पना. ही लबाडी? नातीच्या यादीतला दुसरा शब्द ‘ए-आय’. मी तो चक्क ‘आई’ वाचला आणि सुखावले! मुलाला वाटलं कृत्रिम बुद्धिमत्ता. पण या खेळात आद्याक्षरं चालत नाहीत. हा ‘आय’ म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, झाडाला उलटा लटकणारा, तीन बोटांचा मंद प्राणी. तिसरा शब्द ‘उत्’. अकराव्या शतकात गीडो नावाच्या इटालियन संगीतशिक्षकाने एका लॅटिन स्तोत्रातल्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून स्वरांना नावं दिली, त्यातलं हे पहिलं. पुढे त्याचंच ‘डो’ झालं. आपण षड्जाला ‘सा’ म्हणतो, तसंच की! दोन अक्षरांत एवढं मावतं. आपल्याला माहीत नाही म्हणून शब्द खोटा ठरत नाही, भाचेराव.

आता मुलाचं. त्याने नायजेल रिचर्ड्सचा दाखला दिला. न्यूझीलंडच्या या गृहस्थांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं विजेतेपद मिळवलं, फ्रेंच बोलता येत नसताना! २०२४ साली स्पॅनिशमध्येही तोच पराक्रम. त्या स्मरणशक्तीला माझा दंडवत. स्पर्धेत पंचांनी प्रत्येक शब्दाची तोंडी परीक्षा घेत बसावं, असंही मी म्हणत नाही. पण आपल्या घरात दहा वर्षांच्या मुलीशी खेळताना आपल्याला काय हवंय? विश्वविजेती, की शब्दांशी ओळख असलेलं माणूस? अर्थ सोडला तर हातात उरतो तो ठोकळा. त्यावर अक्षराऐवजी चांदणी काढली तरी खेळ तसाच चालेल.

आणि खरं सांगू का, हे मी कुणावर रागावून लिहीत नाही. अपराधी मीच आहे. कमळाला समानार्थी शब्द पंकज, अंबुज, राजीव... अशा याद्या मी तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतल्या. चिखलात जन्मलं ते पंकज, पाण्यात जन्मलं ते अंबुज, हे सांगायला दोन मिनिटंही लागली नसती. पण पोर्शन संपवायचा असे! माझ्या मुलांना मार्क मिळाले, शब्द मिळाले नाहीत. आज नात तेच करते, तेव्हा मला माझाच वर्ग दिसतो.

मी तिला विचारलं, “‘जू’ म्हणजे काय?” ती म्हणाली, “प्राणिसंग्रहालय!” सगळे हसले. मला हसू आलं नाही. बैलांच्या मानेवरचं ते आडवं लाकूड तिने पाहिलेलं नाही. पाहिलेलं नसलं तरी सांगता येतं, पण आम्हीही कधी सांगितलं नव्हतं. औत, मोट, आंबे पिकवायची आढी... आमच्या बोलण्यातले हे छोटे छोटे शब्द उद्या कुणाला अशा यादीत सापडतीलही. कुणीतरी ते पाठ करील आणि म्हणेल, “चालतो, एवढं पुरे.” या कल्पनेने मात्र जीव कासावीस होतो.

म्हणून आमच्या घरी आता एक नियम आहे. कितीही विचित्र शब्द मांडा, पण अर्थ सांगा. येत नसेल तर कोश उघडा, मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच गुण घ्या. खेळ लांबतो, मान्य. मुलगा कुरकुरतो, तेही मान्य. नात अजूनही मला हरवतेच!

असो. तुमच्याकडचे असे दोन-दोन अक्षरी शब्द जरूर कळवा. पण अर्थासकट हं!