शेकडा दोन

मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. ह्या दोन्ही गोष्टी अभिमानाने सांगण्यासारख्या आहेत असं आमच्या घरात कोणी मानत नाही. पण 'शेकडा दोन' म्हणजे किती हे मला कळतं, एवढं तरी वाचकांनी गृहीत धरावं, म्हणून सांगतो. शंभरात दोन. लिटरात वीस मिलिलिटर. पाच लिटर पेट्रोलमध्ये शंभर मिलिलिटर टू-टी ऑइल. चौथीतल्या पोराने तोंडी सोडवावं असं हे गणित. पण आमच्या मालवणात गेली वीस वर्षं ते कोणी माझ्याकडून ऐकून घ्यायला तयार नाही.

कारण माझ्याकडे बाबांची प्रिया आहे. प्रिया म्हणजे स्कूटर. (हा खुलासा लग्न झाल्यापासून मी दुसऱ्याच वाक्यात करून टाकतो.) साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची लेक. बाबांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. ती दारात आली तेव्हा मी चालायला लागलो होतो. त्या काळी लोक स्कूटर विकत घेत नसत, स्कूटरची वाट पाहत. इतकी वाट पाहून आलेल्या वस्तूचं पुस्तकही बाबांनी पोथीसारखं कापडात गुंडाळून ठेवलं. त्यात स्वच्छ लिहिलंय : पेट्रोलमध्ये तेल, शेकडा दोन.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. चार स्ट्रोकच्या गाडीत तेलाचं वेगळं खातं असतं. तळाला एकदा भरून ठेवलं की शिल्लक कित्येक दिवस टिकते. टू-स्ट्रोकला असलं बचत खातं नाही. तिथे तेल म्हणजे रोजंदारीवरचा गडी. पेट्रोलबरोबर आत शिरायचं, जाता जाता क्रँकच्या बेअरिंगांना आणि पिस्टनला हात लावायचा, आणि शेवटी जळून, धूर होऊन बाहेर पडायचं. आज किती गडी कामावर आले, एवढ्यावरच इंजिनाचं आयुष्य ठरतं.

आता एवढं साधं काम, पण ह्यात तीन पंथ आहेत. पहिला पंथ आमच्या मेस्त्रींचा. "अरे, वायच ज्यास्त घाल. इंजिनाक थंडावो मिळता." मी पुस्तक दाखवलं. मेस्त्री म्हणाले, "तू बँकेतलो माणूस, तुका इंजिनातला काय कळता?" मेस्त्रींच्या हाताला इतकी वर्षं तेल लागलंय की त्यांच्यापुढे पुस्तक धरायची मला लाज वाटते. तरीही सांगतो. कार्ब्युरेटरच्या जेटमधून जेवढं मिश्रण जायचं तेवढंच जातं. त्यात तेल वाढलं म्हणजे तेवढं पेट्रोल घटलं. पेट्रोल घटलं, हवा तेवढीच राहिली, की इंजिन उलट जास्त तापतं! थंडावा राहिला बाजूला. वर प्लग काळा होतो, पिस्टनच्या डोक्यावर काजळी धरते आणि सायलेन्सर इतका तुंबतो की तो काढून विस्तवात भाजावा लागतो. मीही एकदा भाजला. शेजाऱ्यांना वाटलं, आमच्याकडे बांगडे करपले.

दुसरा पंथ माझ्या काकांचा. ते म्हणतात, "ह्या पुस्तक कोणी छापल्यानी? तेल इकणाऱ्यांनी!" काकांच्या मते दोन टक्के छापलंय म्हणजे एक टक्का पुरतो. बँकेत कर्ज मागायला येणाराही दोन लाखांची गरज असली की चार लाखांचा अर्ज करतो, हे रोज पाहत असल्यामुळे मला ते पटलं. मी एक टक्का घातला आणि पत्नीला मागे बसवून कोल्हापूरला गेलो.

परतताना करूळ घाट. घाट उतरताना आपण मूठ बंद करतो आणि गाडी गिअरमध्ये सोडून देतो, म्हणजे इंजिनच ब्रेकचं काम करतं. चार स्ट्रोकला हे छान. पण टू-स्ट्रोकची मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. पिस्टन मात्र तसाच धावतोय. आधीच निम्मे गडी कामावर, त्यात घाटभर सुट्टी. पायथ्याशी सपाटी आली, मी मूठ पिळली, आणि मागचं चाक एकदम जागच्या जागी थांबलं. मी क्लच दाबला, तो विचार करून नव्हे, घाबरून. गाडी हातभर वाकडी गेली आणि सरळ झाली. मागून ट्रक येत नव्हता, ह्यात माझं कर्तृत्व काही नाही. पत्नी उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काकांनी किती रुपये वाचवले?"

तेव्हापासून लांब उतारावर मी मधूनमधून मूठ उघडतो, म्हणजे तेलाचा घोट आत जातो. आणि काकांचा सल्ला फक्त आंब्याच्या बाबतीत घेतो.

तिसरा पंथ 'तेल ते तेल' वाल्यांचा. शेजारचे तांडेल प्रेमाने होडीच्या मशीनचं उरलेलं ऑइल आणून देत. त्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं असतं. आउटबोर्ड मशीन समुद्राच्या पाण्याने थंड राहतं, त्याच्यासाठी ते बनवलेलं. आमची प्रिया पंख्याच्या वाऱ्यावर जगते, ती फार जास्त तापते. तिला हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं टू-टी हवं, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं. मोटारीचं चार स्ट्रोकचं ऑइल तर नकोच. ते जळण्यासाठी केलेलंच नसतं, त्याची राख आत बसते.

मग येझदी-जावावाले मित्र म्हणतात, आमचं पुस्तक तर चार-पाच टक्के सांगतं! बरोबर सांगतं. ज्या जुन्या इंजिनात पिस्टनच्या पिनेला साधा बुश आहे त्याला तेल जास्त लागतं. सुईच्या बेअरिंगचं इंजिन दोन टक्क्यांवर चालतं. आजचं तेल तेव्हाच्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे हेही खरं. पण म्हणून मैसूरच्या गाडीला साताऱ्याचा हिशेब लावू नये. ज्याचं खातं त्याचा व्याजदर.

पत्नीचा ह्यावर एक आक्षेप आहे. ती म्हणते, "मी जन्मात मीठ मोजून घातलं नाही. बिघडली का कधी सोलकढी?" नाही बिघडली. पण कढी चाखून बघता येते. इंजिन बिघडलेलं कळतं तेव्हा ते बिघडून झालेलं असतं.

इथपर्यंत मी हसत हसत लिहू शकतो. पुढचं तसं नाही.

२०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर झालं. घाटावरचा ऊस आमच्या टाकीत आला. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना तो मानवत नाही, हे एक. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा पितं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ओलावा नाही असं काय असतं? पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. तेल राहतं वर, पेट्रोलबरोबर.

जून-जुलैची मासेमारी बंदी संपली, नारळी पौर्णिमा झाली. तांडेल बँकेत आले. मे महिन्यात मिसळून ठेवलेला डबा तसाच पडून होता. "सायब, ता चलात मा?" काउंटरवर रांग होती. मी नोटा मोजत होतो. मान वर न करता म्हटलं, "चालेल हो, थोडं इकडे तिकडे."

नोटा मी तीनदा मोजल्या.

त्या रात्री त्यांची होडी आली नाही. दांडीच्या किनाऱ्यावर त्यांची बायको वाळूत बसली होती, मी बाजूला उभा होतो. ती मला काही बोलली नाही. पहाटे दुसऱ्या एका होडीने त्यांना ओढत आणलं. मेस्त्रींनी डब्यातलं काचेच्या बाटलीत ओतून दाखवलं : वर निळसर पेट्रोल, खाली चार बोटं गढूळ पाणी. टाकीतली नळी नेमकी तळातून ओढत होती. माझी गाडी अडली तर मी ती रस्त्याच्या कडेला लावतो. समुद्राला कड नसते.

तेव्हा तिन्ही पंथांना माझं हात जोडून सांगणं आहे. पुस्तकात बघा, डब्यावर बघा, मोजून घाला, हलवून मिसळा, आणि पावसाळाभर ठेवलेलं मिश्रण कितीही जीव तुटला तरी वापरू नका. 'वायच' हे माप चुलीपाशी ठेवा.

तांडेलांना मी खुणा केलेलं प्लॅस्टिकचं मापपात्र नेऊन दिलं. ते ह्यांनी नारळाशेजारी देवाजवळ ठेवलंय. वापरतात की नाही, विचारायचं मला धैर्य झालं नाही.

मी मात्र वापरतो. प्रियाच्या डिकीत मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण आहे, दहा मिलिलिटरचं. पंपावरचा पोरगा म्हणतो, "काका, अंदाजान घालू?" मी नको म्हणतो आणि एकेक टोपण भरून दहा वेळा ओततो. मागची रांग हॉर्न वाजवत असते. पण रांगेकडे न बघता काम करायची मला नोकरीतली सवय आहे.