'यथोचित विचार करण्यात येईल' : करणार कोण?

ज्यांनी सरकारी कचेरीत आयुष्य काढले त्यांना टिपणीतले एक इंग्रजी वाक्य झोपेतही म्हणता येते : 'मे काइंडली बी कन्सिडर्ड'. आमची सारी नोकरी या वाक्यावर झाली. तेव्हा आम्ही त्याविरुद्ध अवाक्षर काढले नाही हे प्रथमच कबूल करतो. आज लेखणी उचलली ती हेच वाक्य वेष पालटून आमच्या सीमाभागातील मराठी संस्थांच्या दप्तरांत येऊन बसले आहे म्हणून.

या वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. आरंभी 'मे', 'शुड', 'विल' यांपैकी एखादे साहाय्यक क्रियापद, मग 'बी', अखेरीस कृदन्त, आणि मध्ये कोठेतरी क्रियाविशेषण. हे क्रियाविशेषण नेमके कोठे बसवावे यावर आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी तासन् तास खर्ची घातले. क्रियेची रीत सांगणारे असेल तर ते कृदन्ताला लगटून येते : 'शुड बी केअरफुली एक्झामिन्ड'. 'काइंडली' मात्र 'बी'च्या अलीकडेच उभे राहते. कारण ते तपासणीची रीत सांगत नसून साहेबांची मनधरणी करीत असते. कर्त्याला 'बाय' लावून शेवटी आणता येते, पण आणलेच पाहिजे असे बंधन नाही. कचेरीने ही सवलत नियमासारखी पाळली. कर्ता गेला, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर क्रियाविशेषण बसले.

मराठीत त्याची पिलावळ झाली ती अशी : 'यथोचित विचार करण्यात येईल', 'यथावकाश कळविण्यात येईल', 'सहानुभूतिपूर्वक निर्णय घेतला जाईल'. विशेषण जितके गोड तितका कर्ता दूर. आम्ही सीमावासीय मुंबईकडे आशेने पाहतो. पण तिकडचे शासन निर्णयही 'मान्यता देण्यात येत आहे' याच ठेक्यात चालतात. मराठी राज्यभाषा झाली, वाक्य मात्र साहेबाचेच राहिले.

कोणी म्हणेल, कर्मणी प्रयोग मराठीला कोठे परका आहे? परका नाहीच. 'कीजे', 'बोलिजे' ही जुनी कर्मणी रूपे संतवाङ्मयात आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मोडी रुमाल आहेत त्यांनी जुन्या आज्ञापत्रांच्या अखेरीस 'जाणिजे' पाहिले असेल. पण त्या कागदावर कोणी कोणास लिहिले हे माथ्यालाच असे, आणि खाली मोर्तब असे. क्रियापद कर्मणी असले तरी माणूस पळालेला नव्हता.

शिवाय इंग्रजीला ज्यासाठी तीन शब्द लागतात ते मराठी एका शब्दात, आणि कर्त्यासह सांगते. 'मुख्याधिकाऱ्यांनी रस्ता करावा, गटारे करावीत.' क्रियापद कर्माप्रमाणे बदलले, विध्यर्थही आला, आणि मुख्याधिकारी तृतीयेत का होईना, वाक्यात हजर राहिले. शहापुरातली म्हातारी 'मला आता कपिलेश्वरचा पूल चढवत नाही' म्हणते, तेव्हा व्याकरणातला शक्य कर्मणी प्रयोग ती सहज बोलून जाते. दमलेली बाई त्यातून गळत नाही. दादोबांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे १९११ चे; एवढी परंपरा असलेल्या भाषेने 'गेला जाईल'ची उसनवारी का करावी, हे आम्हांस उमगत नाही.

हा केवळ शुद्धलेखनाचा वाद असता तर आम्ही या पानांवर जागा अडवली नसती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-क हे कलम काढून पाहा. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न कोणी करावयाचा हे तेथे लिहिले आहे : प्रत्येक राज्याने आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने. तेच कचेरीच्या साच्यात घाला : 'सोयी यथाशक्य उपलब्ध करून देण्यात याव्यात'. राज्यही गेले, प्राधिकरणही गेले. आता शाळेला शिक्षक मिळाला नाही तर पालकाने कोणाचे दार ठोठवावे?

आमच्या लोकांची तऱ्हा याहून वाईट. आपल्याच स्मरणिकांत आपण लिहितो, '१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात घालण्यात आले'. जणू पाऊस पडला! राज्य पुनर्रचनेचा कायदा संसदेने केला. त्यात आपला मुलूख म्हैसूरला संसदेने दिला. १९६७ साली बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे, निपाणी मात्र महाराष्ट्राला द्यावी, ही शिफारस महाजन आयोगाने केली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा महाराष्ट्र सरकारने लावला. एवढे कर्ते ठाऊक असताना आपण ते खोडतो आणि वर 'अन्यायपूर्वक' असे क्रियाविशेषण ठेवून देतो. त्या एका शब्दाने आपला संताप निवतो, आणि तेवढ्यावर सभा आटोपते.

कर्ता खरोखरच अज्ञात असेल तेथे आमची तक्रार नाही. चोराचे नाव ठाऊक नसेल तर 'सायकल चोरली गेली' असेच लिहावे लागेल. पण ग्रंथालयाची कपाटे दुरुस्त करण्याचे काम चोराकडे नसते. ज्या संस्थेचे आम्ही सभासद आहोत तिच्या इतिवृत्तात 'कपाटांची दुरुस्ती लवकरात लवकर करण्यात यावी' हा ठराव आम्ही तीन वर्षे ओळीने वाचला. तिसऱ्या वर्षी त्यात 'प्राधान्याने' हा शब्द वाढला. वाळवीला व्याकरण कळत नसल्याने तिने आपले काम कर्तरी प्रयोगात चालू ठेवले.

येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही एक दुरुस्ती मांडणार आहोत. यापुढे प्रत्येक ठरावात काम करणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. नाव नसलेला ठराव अध्यक्षांनी नोंदवून घेऊ नये. पहिल्या ठरावाचा मसुदा तयार आहे : 'कपाटांची दुरुस्ती कार्यवाहांनी गुढीपाडव्यापूर्वी करावी.' कार्यवाहांना तो आम्ही आधीच दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि 'यथाशक्य' घालता येईल का, असे विचारले. आम्ही नाही म्हणून सांगितले आहे.