पहिला धडा शेवटी

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग दोनचे पुस्तक उघडले की पहिलाच धडा लागतो तो आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. २०१८ साली हे पुस्तक आले. बालभारतीने ते उर्दूतही काढले. धडा तोच, चित्रे तीच, स्वाध्यायही तेच. आता आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना कोणी विचारावे की बाबांनो, हा पहिला धडा तुम्ही वर्गात कितवा घेता? खरे सांगायचे तर आमच्यातले बरेच जण तो शेवटी घेतात. जानेवारी उजाडतो, सराव परीक्षा डोक्यावर येते आणि मग एका तासात तो 'उरकला' जातो. डीएनए, जनुके, आनुवंशिक विकार हे सगळे फळ्यावर येते. डार्विन येत नाही. 'हे इम्तिहानापुरते पाठ करा, मानायची गरज नाही,' एवढे एक वाक्य येते आणि घंटा होते.

हे वाक्य आम्हीही बोललो आहोत. एकदा नव्हे, सलग तीन वर्षे. तेव्हा या लेखात जे काही कडू असेल ते आधी स्वतःला ऐकवून मग इथे लिहिले आहे, असे वाचकांनी समजावे.

त्या वाक्यातून पंधरा वर्षांचे मूल काय शिकते? उत्क्रांती तर शिकत नाहीच. ते शिकते की जे आपण मानत नाही ते कागदावर लिहून गुण मिळवता येतात, आणि हे आपले उस्तादच शिकवतात. तोंडावर एक आणि दिलात एक, याला आमच्या दीनात काय म्हणतात ते मदरशातले लहान पोरही सांगेल. ईमान वाचवायला म्हणून आम्ही हे वाक्य बोलतो आणि मुनाफिकीचा पहिला सबक आमच्याच वर्गात देतो. डार्विनने कोणाचा अकीदा किती बिघडवला याचा हिशेब आमच्याकडे नाही. या वाक्याने बिघडलेली मुले मात्र आम्ही रोज पाहतो. ती काहीही विचारत नाहीत. फक्त विचारतात, 'सर, हे परीक्षेला आहे का?'

बाहेरच्यांना वाटते की मुसलमान मोहल्ल्यात उत्क्रांती शिकवायची म्हणजे फतवे निघत असतील, मोर्चे येत असतील. असे काही नसते. आमच्याबाबतीत घडले ते इतकेच. एका मुलाचे वडील शाळेत आले. ट्रॉलरवर तांडेल आहेत, मिरकरवाड्याच्या बंदरात उभे आयुष्य गेलेले. दाराशी उभे राहून म्हणाले, "सर, पोरगा घरी सांगतो आपण माकडापासून झालो. शाळेत हे शिकवता?" आम्ही म्हणालो, "चाचा, पुस्तकात आहे." ते म्हणाले, "पुस्तकात आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही काय शिकवता ते विचारतो." या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. बी.एड.ला 'अध्ययन-अध्यापन प्रक्रिया' यावर पंचवीस पानांची टिपणे काढली होती, त्यातली एक ओळ कामाला आली नाही. ते गेले. संध्याकाळी वरिष्ठांनी बोलावून हळूच सांगितले, "जरा सांभाळून घ्या." संपले. आमच्याकडे विरोध विरोध म्हणतात तो एवढाच, तीन शब्दांचा. कोणी मारत नाही, कोणी काढून टाकत नाही. त्या तीन शब्दांवर तीन वर्षे आमच्या वर्गातून डार्विन हद्दपार राहिला. दोष तांडेल चाचांचा नव्हता. त्यांनी तर सरळ प्रश्न विचारला होता.

आता दुसरी बाजू पाहा. जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे हे पुस्तक लागायच्या काही महिने आधी, तेव्हाच्या औरंगाबादेत एक वैदिक संमेलन भरले होते. केंद्रातले तेव्हाचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे आले होते. हे गृहस्थ पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही, तेव्हा शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असे त्यांनी सांगितले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून त्यांना खोडून काढले. त्यांच्याच खात्याचे कॅबिनेट मंत्री प्रकाश जावडेकर यांनाही अशी विधाने करू नका म्हणावे लागले. आमच्या लोकांनी तेव्हा मोबाईलवर त्या मंत्र्यांची भरपूर चेष्टा केली. ती चेष्टा पुढे धाडणाऱ्यांत आमचे काही शिक्षकबंधू होते, जे स्वतःच्या वर्गात हाच सवाल करतात, 'कोणी पाहिले का माकडाचा माणूस होताना?' फरक इतकाच की मंत्रीमहोदय व्यासपीठावरून बोलले.

२०२३ चे उदाहरण याहून बोलके आहे. एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांती कापली आणि नुसती 'आनुवंशिकता' ठेवली. आधी कोरोनाच्या काळात ओझे कमी करायचे म्हणून वगळली, पुढे कायमची. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, पण दहावीनंतर जे मूल वाणिज्य, कला किंवा आयटीआयला जाईल त्याला ती कधीच भेटणार नाही. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून निषेध केला. त्याच सुमारास, त्याच कात्रीने, बारावीच्या इतिहासातला मोगल दरबाराचा धडा कापला गेला. तेव्हा आम्ही काय केले? अकबरासाठी आम्ही हळहळलो, लेख लिहिले, मुशायऱ्यात शेर म्हटले. ते योग्यच होते. पण डार्विनसाठी आमच्या मोहल्ल्यातून एकही आवाज उठला नाही. काहींनी तर मनातल्या मनात शुक्र अदा केला. कात्री एकच, हात एकच. आपल्या नावडत्या पानावर ती चालली की ती चांगली कशी होते? आमचा इतिहास गाळू नका म्हणायचा हक्क हवा असेल तर विज्ञान गाळताना गप्प बसून तो मिळणार नाही.

याच विषयावरची चोपडी आणि सीडी मशिदीबाहेरच्या पुस्तकांच्या टेबलावर आम्ही कॉलेजात असल्यापासून पाहत आलो. तुर्कस्तानातले अदनान ओकतार 'हारून याह्या' या नावाने ती काढत. उर्दू तर्जुमे गुळगुळीत कागदावर, रंगीत चित्रांसह. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा छपाई सरस! त्यांचा जाडजूड सचित्र ग्रंथ २००७ च्या सुमारास युरोपातल्या शाळांना फुकट वाटला गेला. प्राणी कोट्यवधी वर्षांत बदललेच नाहीत हे दाखवायला त्यात आजच्या कीटकांचे फोटो दिले होते. त्यातल्या एका माशीच्या पोटातून लोखंडी गळ बाहेर आलेला दिसतो. ती माशी नव्हतीच, मासे पकडायचे नकली आमिष होते. मिरकरवाड्यातल्या कुठल्याही पोराने ते ओळखले असते, पण आमच्या सुशिक्षितांनी नाही ओळखले. पुढे या गृहस्थांना टोळी चालवणे आणि लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांसाठी इस्तंबूलच्या न्यायालयाने २०२२ मध्ये ८ हजार ६५८ वर्षांची शिक्षा सुनावली. ते तुरुंगात गेले म्हणून त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. गळ दिसला म्हणून खोटे ठरते. चोपडी मात्र अजून टेबलावर असतात.

आमच्या भाषेचाही यात हात आहे, हे उर्दूच्या शिक्षकाने कबूल केले पाहिजे. मराठीत 'डार्विनचा सिद्धांत' म्हणतात. सिद्धांत म्हटले की काहीतरी सिद्ध झालेले आहे असा वजनदार आवाज येतो. उर्दूत आम्ही 'नजरिया' म्हणतो. घरीदारी नजरिया म्हणजे ज्याचे त्याचे मत. 'त्यांचा नजरिया वेगळा, आपला वेगळा,' असे म्हणून मूल मोकळे होते, आणि भाषेच्या हिशेबाने ते चुकत नाही. 'फितरी इंतिखाब' म्हटले की मागच्या बाकावरून हसू येते, कारण इंतिखाब म्हणजे निवडणूक. आणि 'इर्तिका' म्हणजे वर चढणे. मराठीतली 'उत्क्रांती'ही वरच चढते. म्हणून मुलांच्या डोक्यात शिडी उभी राहते : खाली माकड, वर माणूस, मग उरलेली माकडे चढली का नाहीत? डार्विनने शिडी सांगितली नाही, फांद्यांचे झाड सांगितले. आम्ही आता वर्गात कोकणी घराण्याचे उदाहरण देतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या गावांतून माणसे केपटाऊनला गेली. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज इंग्रजी, आफ्रिकान्स बोलतात. ती आपल्यापासून झाली का? नाही. आपण त्यांच्यापासून झालो का? नाही. खापरपणजोबा एक, शाखा दोन. केपटाऊनवाले आहेत म्हणून आपण नाहीसे झालो का? मग माकड अजून का आहे हा प्रश्न मुले स्वतःच मागे घेतात.

रत्नागिरीसारख्या जागी हा धडा न शिकवणे म्हणजे समुद्रकिनारी राहून पोहायला बंदी करण्यासारखे आहे. इथली मुले कलम आणि रायवळ यांतला फरक जन्मापासून जाणतात. हापूसचे कलम बांधले की तोच हापूस, बाठा लावला तर काय निघेल ते अल्लाह जाणे. आनुवंशिकतेचा निम्मा धडा तिथेच होतो. ज्यांच्या घरी बागा आहेत त्यांना ठाऊक असते की तुडतुड्यांवर पूर्वी चालणारे औषध पुढे लागू पडेनासे होते. औषधाला जे किडे पुरून उरले त्यांचीच पिल्ले पुढच्या मोसमात वाढली, झाली की नैसर्गिक निवड! कोरोनाचा डेल्टा प्रकार २०२१ मध्ये घरोघर मुक्कामाला आला तोही असाच. खाडीच्या चिखलात निवटी उड्या मारताना पोरे रोज पाहतात. मासा असून पाण्याबाहेर, परांवर सरकणारा. तो आपला पूर्वज नाही, आजचाच प्राणी आहे, हे आवर्जून सांगावे लागते. पण पर पायासारखा वापरता येतो हे पटायला दुसरा पुरावा लागत नाही.

आणि देवमासा. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या संग्रहालयात त्याचा भलामोठा सांगाडा मांडलेला आहे. पाठ्यपुस्तकात माणसाचा हात, बैलाचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख आणि व्हेलचा पर शेजारीशेजारी छापले आहेत. वर एक हाड, खाली दोन, मग मनगट, मग बोटे. ज्याला नुसते वल्हवायचे त्याला मनगट आणि बोटे कशासाठी? माशाची शेपटी डावीउजवीकडे हलते, डॉल्फिनची आणि व्हेलची वरखाली, जमिनीवर दौडणाऱ्या जनावराच्या कण्यासारखी. तांडेलांच्या मुलांना हे सांगावे लागत नाही, तीच आम्हाला सांगतात.

या व्हेलची मुळे आपल्याच मुलखातली आहेत हे किती जणांना ठाऊक आहे? पाकिसेटस या चार पायांच्या आद्य व्हेलचे अवशेष पाकिस्तानात मिळाले, १९८१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. कच्छमध्येही जुन्या व्हेलची हाडे निघाली. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटमधून ए. रंगा राव या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पत्नीने ते पुढे अमेरिकेतल्या संशोधकाला दिले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचे असे जाड हाड दिसले जे व्हेललाच असते. मांजराएवढे, हरणासारखे दिसणारे, सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचे ते जनावर इंडोह्यस. २००७ मध्ये हे जगापुढे आले. ही गोष्ट वर्गात सांगितली त्या दिवशी 'परीक्षेला आहे का' असे कोणी विचारले नाही.

एका पळवाटेबद्दल सांगायला हवे, कारण ती आमच्या समंजस लोकांची आहे. ते म्हणतात, घाबरता कशाला? हे सगळे आमच्या जाहिजने नवव्या शतकातच लिहून ठेवले, इब्न खल्दूनने १३७७ मध्ये सांगितले, डार्विनने उचलले. जाहिजने 'किताबुल हयवान'मध्ये जनावरांची एकमेकांवरची गुजराण आणि हवापाण्याचा परिणाम पाहिला. इब्न खल्दूनने खनिजापासून वनस्पती, वनस्पतीपासून जनावरे आणि माकडाच्या पायरीवरून माणूस अशी साखळी मांडली. इक्बालांनी आपल्या इंग्रजी व्याख्यानांत जाहिज आणि इब्न मिस्कवैह यांची नावे अभिमानाने घेतली. हे मुलांना जरूर सांगावे. ज्या प्रश्नाने आज आमचे पाय लटपटतात त्याला आमचे बुजुर्ग हजार वर्षांपूर्वी भ्याले नव्हते एवढे त्यातून कळते. पण नैसर्गिक निवड त्यांनी सांगितली नव्हती. ती सांगितली होती असे म्हणणे हाही गळाला लावलेला नकली कीटकच. पुराणातल्या विमानांना हसायचे आणि स्वतः हेच करायचे, हे बरे नव्हे. आयत आणि धडा यांची ओढूनताणून सोयरीक जुळवायलाही आमचा विरोध आहे. पुस्तक दर दहा वर्षांनी बदलते. कुराणाला त्याच्या मागे का फरफटवता? आदम अलैहिस्सलाम यांच्याविषयी काय मानावे हा दीनाचा मामला, तो उलेमांना विचारावा. विज्ञानाच्या तासाला फक्त पुरावा विचारावा. आमचा तास पस्तीस मिनिटांचा आहे, त्यात दोन्ही बसत नाहीत.

गेल्या जूनमध्ये आम्ही पहिला धडा पहिला घेतला. आठवड्याभरात तांडेल चाचा आले. धाकटा मुलगा आता दहावीत आहे. यावेळी आम्ही त्यांना वर्गात बसवले आणि पुराची आकृती दाखवावी तशी हाडांची आकृती दाखवली. बराच वेळ ते पाहत राहिले. मग म्हणाले, "व्हेलचे मी मानतो. माणसाचे मानणार नाही." आम्ही म्हणालो, "चाचा, मानू नका. पण पोराला पुरे शिकू द्या, मग तो काय मानतो ते तो ठरवेल." ते काही बोलले नाहीत. मुलाचे नाव मात्र त्यांनी शाळेतून काढले नाही, आणि वरिष्ठांनीही यावेळी बोलावले नाही.

राज्याची पुस्तके नव्या धोरणाप्रमाणे इयत्तावार बदलू लागली आहेत. आज ना उद्या दहावीचेही बदलेल. मसुदा निघाला की हरकती आणि सूचना मागवतात. तेव्हा उत्क्रांती राहावी, आणि उर्दूत 'नजरिया'च्या जागी नेमका शब्द यावा, असे सांगणारी पत्रे उर्दू शाळांतून किती जातील? आमचे पत्र लिहून तयार आहे. त्यावर सध्या दोनच सह्या आहेत.