"हट" म्हणायचा हक्क कुणाचा?

गेल्या शुक्रवारी रात्री इथे न्यू जर्सीत, शाळेच्या मैदानावर कुडकुडत बसले होते. चिरंजीव लेफ्ट गार्ड खेळतात. (मंडळी, हे अमेरिकन फुटबॉल. पाय कमी, धडक जास्त.) चौथा डाऊन, हवे होते फक्त २ यार्ड. आमचा क्वार्टरबॅक तोंड उघडणार तेवढ्यात समोरच्या बचावफळीतून कुणीतरी हुबेहूब त्याच्या सुरात ओरडलं, "सेट... हट!" लेक उठला. शिट्टी. फॉल्स स्टार्ट, ५ यार्ड मागे. असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा शिक्षा आम्हालाच.

शेजारी दादा खूश. "डोकं लागतं गं याला! धोनी नव्हता का यष्टींमागून सारखा बोलत?"

दादा, तू हे वाचणारच, म्हणून इथेच भांडते. धोनी बोलायचा तो आपल्या गोलंदाजाशी. धावू की नको या विचारातल्या फलंदाजाला कुणी क्षेत्ररक्षक त्याच्या जोडीदाराच्या आवाजात "यस!" म्हणाला, तर क्रिकेटमध्येही ५ धावांचा दंड आहे. २०१७च्या नियमावलीत तर फसवणूक हा शब्दच घातलाय.

बचावाने स्नॅपआधी जागा बदलाव्यात, ब्लिट्झचा आव आणून मागे सरकावं, आपल्या खुणेचे शब्द बोंबलावेत. माझी काही हरकत नाही. पण ती भाषा त्यांची हवी. "मग क्वार्टरबॅक हेल बदलून बचावाला फसवतो ते?" हा तुझा पुढचा बाण. अरे, बचावपटूला चेंडू दिसतो. कानात बोळे घालून, चेंडू हलेपर्यंत थांबला तरी त्याचं भागतं. आमच्या लेकाची नजर समोरच्या धटिंगणावर. त्याला आधार कानांचाच.

माझा राग त्या पोरांवर नाही, पंचांवर आहे. शालेय नियमांत हा गुन्हाच आहे. आणि तिथे नुसता प्रयत्न पुरतो, कुणी फसलंच पाहिजे असं नाही. पंच मात्र उठलेला पोरगा बघतात, कारण तो दिसतो. ओरडणारा ऐकावा लागतो, त्यात बँड, गर्दी... अवघड आहे, कबूल. टाळीचं तर आणखी कठीण. हल्ली बरेच क्वार्टरबॅक टाळी वाजवून स्नॅप मागतात. बचावातला टाळी देऊन साळसूदपणे म्हणतो, मी आपल्या मित्राला चेव आणत होतो! माझं म्हणणं, वेळ बघा. चेंडू पडून असताना शंभर टाळ्या पिट. सेंटर वाकलाय, सगळे स्तब्ध, आणि नेमकी तेव्हा एकच टाळी? हा कसला चेव? तसंच "मूव्ह!" ओरडून स्वतःचं कुणी तसूभरही हललं नाही, तर ती हाक कुणासाठी होती?

तिसऱ्या खेपेला कोचने लेकाला बाकावर बसवलं. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही.

येत्या शुक्रवारी पुन्हा सामना आहे. दादा, ये, चहाचा थर्मासही आण. फक्त चेंडू आमच्याकडे असताना टाळ्या वाजवू नकोस.