डिस्को, लावणी आणि आमची अभिरुची

लोकसाहित्याच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, डिस्को ऐकायचे तर कोणत्या अल्बमपासून सुरुवात करावी?’ आम्ही हसलो. त्या हसण्याची लाज नंतर वाटली.

कारण तास पठ्ठे बापूरावांचा होता. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षच्या या कुलकर्ण्याने तमाशाचा फड धरला, तेव्हा पांढरपेशांनी नाके मुरडली. ती अभिरुची किती संकुचित होती, हे सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतून आम्ही आवेशाने शिकवतो. डिस्कोबाबत मात्र आम्हीही तेच केले. गणेशोत्सवाच्या मांडवात ‘डिस्को डान्सर’ (१९८२) ऐकत वाढलो आणि एम. ए. होताच ते थिल्लर ठरवून मोकळे झालो.

आमची चूक साहित्यवाल्यांची आहे. आम्ही गाण्याचे शब्द तेवढे वाचतो. ढोलकीवाचून कागदावरची लावणी अर्धीच असते, हे मान्य करतो. डिस्कोला ती सवलत देत नाही. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी नर्तकांमध्ये हे संगीत वाढले. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर त्याच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या. नाचणाऱ्या देहाचे संगीत ते हलके, हा समज केवळ आपल्याकडचा नाही.

तेव्हा आमचे उशिराचे उत्तर असे. ‘शीक’ या वाद्यवृंदाचा ‘से शीक’ (१९७८) ऐकावा. बर्नार्ड एडवर्ड्सचे बास आणि नाइल रॉजर्सची गिटार यांचा संवाद आधी, शब्द नंतर. मग ‘डिस्को दीवाने’ (१९८१). गाणारी नाझिया आणि झोहेब ही भावंडे पाकिस्तानची, संगीतकार बिद्दू बंगळूरचे.

आणि तिसरा अल्बम चरणजित सिंग यांचा. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील या वादकाने १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि तालयंत्रांवर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. मिरजेच्या तंबोऱ्यावर घडलेल्या कानाला ते प्रथम खटकेल. विलंबित नाही, उसंत नाही, गायकीचा विस्तार तर नाहीच. पण ठेका अचल असल्यामुळेच स्वरांची वळणे लख्ख उमटतात. त्या काळी या तबकडीकडे फारसे कोणी वळले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा कुठे परदेशी श्रोत्यांनी तिचा गौरव केला. २०१५ मध्ये सिंग निवर्तले.

राग आपले, शहर आपले. ऐकणारे कान मात्र बाहेरून यावे लागले. ‘अभिजात’ हा शब्द वर्गात उच्चारताना आम्हाला आता याची आठवण ठेवावी लागेल. त्या विद्यार्थिनीला आम्ही यादी दिली आहे. आमच्या भागातल्या श्रोत्याने ती खालून वर ऐकावी, एवढेच सुचवणे आहे.